सगळे विकून मोकळे व्हावे का?

वाचकाचे पत्र

मी सातारा जिल्ह्यातील शंभर टक्के अनुदानित माध्यमिक शाळेत १९९९ पासून शिक्षिका आहे. माझे वय ५४. यजमान ५६ वर्षांचे असून औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीत आहेत आणि दोन वर्षांनी निवृत्त होतील. राहते घर व दागिने सोडून आमची पुंजी ८४ लाखांची आहे. त्यातील ५८ लाख म्युच्युअल फंडांच्या शेअरविषयक योजनांत आहेत आणि त्यांपैकी ३४ लाख मिडकॅप व स्मॉलकॅप, म्हणजे मध्यम व छोट्या कंपन्यांच्या, योजनांत आहेत. थेट घेतलेले शेअर १४ लाखांचे आहेत, त्यांतले ९ लाखांचे यजमानांच्याच कंपनीचे. उरलेले १२ लाख एका नागरी सहकारी बँकेत माझ्या एकटीच्या नावे ठेवीत आहेत. २०२० मध्ये हीच पुंजी ३८ लाख होती, निम्मी ठेवींत आणि निम्मी बाजारात. सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी काही ठेवी मोडाव्या लागल्या. महिना २५ हजारांची एसआयपी चालू आहे. यजमानांचा भविष्यनिर्वाह निधी निवृत्तीच्या वेळी ३८ लाखांच्या आसपास जाईल. मुलगी येत्या ऑक्टोबरपासून जर्मनीत एम.एस्सी. करणार असून दोन वर्षांचे मिळून २४ लाख धरले आहेत. घरखर्च ५५ हजार, कर्ज नाही.

दीर म्हणतात, “वहिनी, बाजार फुगलाय, सगळे विका आणि सोने घ्या.” पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, “मावशी, काही विकू नकोस, बाजार नेहमी वर येतोच. फारच भीती वाटत असेल तर पुट घेऊन ठेव.” यजमान रोज संध्याकाळी मोबाइलवर आकडा बघतात आणि काही बोलत नाहीत. आमच्या गुंतवणुकीचे विवरण आणि किंमत-उत्पन्न गुणोत्तराचा (शेअरची किंमत नफ्याच्या किती पट आहे त्याचा) एक आलेख सोबत पाठवत आहे. काय करावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे दीर आणि भाचा एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहेत असे वाटते खरे, पण दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत: बाजार आता कोठे जाईल? त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि इतकी वर्षे करसल्लागार म्हणून लोकांच्या नफ्यातोट्याचे कागद पाहताना ज्यांच्याजवळ ते असल्याचे मला सांगण्यात आले, त्यांच्या कागदांतही ते मला सापडलेले नाही. बाजार महाग आहे की स्वस्त, एवढे बऱ्यापैकी सांगता येते. महाग बाजार आणखी किती काळ महाग राहील, हे सांगता येत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात शेअरच्या किमतींमागील अविवेकी उत्साहाविषयी जाहीर शंका काढली, त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक ६,४३७ वर होता. तेजी त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ चालली, मग २००० नंतरची पडझड झाली, पुढे २००८ चे अरिष्ट आले, आणि त्या अरिष्टाच्या तळाशी, ९ मार्च २००९ रोजीही, डाऊ ६,५४७ वर म्हणजे इशाऱ्याच्या दिवसापेक्षा वरच बंद झाला. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षा माधबी पुरी बुच यांनी छोट्या व मध्यम कंपन्यांच्या शेअरना फेस आल्याचे सांगितले. ते शेअर काही दिवस गडगडले आणि पुढे सप्टेंबरपर्यंत नवनवे उच्चांक करत राहिले. दोघांचेही निदान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्या निदानावर घर चालवता येत नाही, एवढेच.

तुम्ही पाठवलेल्या आलेखाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. निफ्टी या मोठ्या पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकाचे किंमत-उत्पन्न गुणोत्तर काढण्याची रीत मार्च २०२१ च्या अखेरीस बदलली. तोवर केवळ मूळ कंपनीचा नफा धरला जात असे, तेव्हापासून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरतात, आणि त्यामुळे बाजार जागचा न हलताही गुणोत्तर एका रात्रीत खाली आले. आलेखावर आडवी सरासरीची रेघ ओढणाऱ्याने हा सांधा पाहिलेला दिसत नाही. त्यामुळे त्या रेघेच्या आधाराने कोणी “अजून स्वस्तच आहे” म्हणाले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘ऑक्टोबर’ हा आहे. बाजारातल्या पैशाला भाव असतो, घरातल्या पैशाला तारीख असते. आणि तेजी कितीही टिकणार असली, तरी ज्या पैशाची तारीख जवळ आली आहे तो बाजारात असता कामा नये.

हे मला स्वतःला फार महागात शिकावे लागले. २००७ च्या दिवाळीत पुण्यातील आमच्या सदनिकेच्या शेवटच्या हप्त्याचे सहा लाख रुपये माझ्याजवळ शेअरच्या रूपात तयार होते आणि ते मार्चअखेर बिल्डरला द्यायचे होते. यजमान म्हणाले, आता विकून टाक. मी म्हणाले, संक्रांतीपर्यंत थांबू, सहाचे सात होतील. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते खरोखरच सातच्या जवळ गेले, आणि म्हणूनच मी आणखी थांबले. १० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २१,२०६ ला शिवून आला. २१ तारखेला तो एकाच दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रोकरच्या कार्यालयात पोचले तेव्हा उघडताच दहा टक्क्यांची खालची मर्यादा गाठली गेल्यामुळे बाजार तासाभरासाठी बंद झालेला होता. पंधरावीस माणसे न हलणाऱ्या पडद्याकडे बघत उभी होती. पोऱ्याने आणून ठेवलेल्या चहांवर साय धरत होती आणि कोणी कपाला हात लावत नव्हते. मार्चमध्ये माझ्याजवळ चार लाखही उरले नव्हते. हप्ता माझ्या आईने तिची मुदत ठेव मोडून भरला. ५ नोव्हेंबर २०१० रोजी, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांत, सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर बंद झाला, म्हणजे तुमच्या भाच्याचे म्हणणे तेव्हा खरे ठरले. पण बिल्डर २०१० च्या दिवाळीपर्यंत थांबणार नव्हता.

आता तुमच्या मुलीकडे वळू. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंट या गोठवलेल्या बँक खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे तुम्ही धरलेले वर्षाचे बारा लाख अंदाजाला धरून आहेत. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू व्हायचे असतील तर ते पैसे जून-जुलैपर्यंत हातात हवेत. त्या महिन्यात बाजार चाळीस टक्के खाली असला म्हणून वकिलात तारीख पुढे ढकलत नाही. दुसऱ्या वर्षाचे बारा लाख त्यानंतर बारा महिन्यांनी लागतील. हे सगळे २४ लाख आज तुमच्या पुंजीत नेमके कोठे आहेत, असे मी विचारले, तर तुम्ही १२ लाखांच्या ठेवी दाखवाल आणि उरलेले १२ स्मॉलकॅपमधून काढू म्हणाल. मग घरातल्या अडीअडचणीला काय उरले? सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसारखा प्रसंग पुन्हा आला, तर तुम्हाला पडत्या बाजारात विकावे लागेल.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. आज तुमच्या ८४ लाखांपैकी ७२ लाख, म्हणजे सुमारे ८६ टक्के, बाजारावर अवलंबून आहेत. २०२० मध्ये हे प्रमाण निम्मे होते आणि ते तुम्ही दोघांनी बसून ठरवलेले होते असे पत्रावरून दिसते. ८६ टक्के कधी ठरवले? कोणीच ठरवले नाही. बाजार चढत गेला, एसआयपी चालू राहिली, ठेवी मोडल्या गेल्या, आणि प्रमाण आपोआप तेथवर जाऊन बसले. तेजीत माणूस जोखीम वाढवतो असे म्हणतात, पण बहुतेक घरांत ती कोणी वाढवत नाही. ती उन्हाळ्यातल्या विरजणासारखी नजर नसताना वर येते. २००८ मध्ये सेन्सेक्स वरच्या बंद भावापासून मार्च २००९ च्या ८,१६० पर्यंत सुमारे साठ टक्के उतरला होता. तसे आज घडले तर तुमच्या ७२ लाखांचे २८ लाख ८० हजार होतील आणि एकूण पुंजी ४१ लाखांच्याही खाली येईल, तीही नेमकी मुलीच्या शिक्षणाच्या आणि यजमानांच्या निवृत्तीच्या वर्षांत. असे होईलच असे मी म्हणत नाही. झाले तर घर सावरेल का, एवढेच तपासायचे आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की ३० लाख रुपये बाजारातून काढावेत आणि ४२ लाख तेथेच राहू द्यावेत. त्यामुळे तुम्ही २०२० मध्ये ठरवलेल्या निम्म्या-निम्म्या प्रमाणावर परत याल. निघालेले ३० आणि ठेवींतले १२ असे ४२ लाख होतात. त्यांतले २४ मुलीचे, ६ अडीअडचणीचे आणि १२ यजमानांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांचे. मग तीच साठ टक्क्यांची घसरण आली तर तोटा ४३ लाखांऐवजी २५ लाखांचा होईल आणि मुलीच्या २४ लाखांना धक्का लागणार नाही.

दीर विचारतील, निम्मेच का, सगळे का नाही? त्याचे कारण तुमची नेमणूक १९९९ ची आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शंभर टक्के अनुदानित शाळेत लागल्यामुळे तुम्हाला जुनी पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर वाढता महागाई भत्ता. तुमच्या संपत्तीतील सर्वांत भक्कम, बाजाराशी काडीचा संबंध नसलेला आणि महागाईबरोबर वाढणारा भाग हा आहे, आणि तो तुम्ही पत्रात पुंजीत धरलेलाच नाही. यजमानांना कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेमुळे काही हजारांचीच असेल, पण पहिली दोन वर्षे तुमचा पगार आणि पुढे तुमची पेन्शन मिळून ५५ हजारांचा घरखर्च बराचसा भागतो. त्यावर ३८ लाखांचा भविष्यनिर्वाह निधी येईल. मुलीचे २४ लाख खर्च झाल्यावर उरलेल्या ६० लाखांत तो मिळवला, तर ९८ लाखांत ४२ लाख शेअरमध्ये, म्हणजे ४३ टक्के. पुढची पंचवीस-तीस वर्षे जगायचे असलेल्या जोडप्याला हे जास्त नाही. पेन्शन नसलेल्या घरातून हेच पत्र आले असते, तर मी याहून बरेच कमी सांगितले असते.

काय विकायचे, हा पुढचा प्रश्न. सर्वांत आधी यजमानांच्या कंपनीचे ९ लाखांचे शेअर, आणि तेही सगळे. त्यांना ते जड जाईल, याची मला कल्पना आहे. तीस वर्षे ज्या गेटातून आत गेलो त्या कंपनीवरचा अविश्वास असा त्याचा अर्थ घरात काढला जाईल. तसा तो नाही. पगार, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि बचत ही सगळी एकाच दोरीवर वाळत घालू नयेत, इतकेच म्हणणे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी हिशेबातील लबाडी कबूल केली आणि त्या एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत गेली. ज्या कर्मचाऱ्यांची बचत त्याच शेअरमध्ये होती, त्यांची नोकरीही त्याच दिवशी धोक्यात आली. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांना आपल्या कंपनीचा अभिमानच होता.

उरलेले २१ लाख मिडकॅप व स्मॉलकॅप योजनांतून काढावेत, म्हणजे तेथे १३ लाख राहतील. या योजना वाईट आहेत असे नाही, पण त्यांच्या दाराची रुंदी लक्षात घ्यायला हवी. लहान कंपन्यांचे शेअर चढताना सगळ्यांना हवे असतात आणि उतरताना घेणारा नसतो. २०१८ च्या जानेवारीपासून २०२० च्या मार्चपर्यंत स्मॉलकॅप निर्देशांक निम्म्याहून अधिक उतरला, आणि त्यातला पहिला मोठा भाग मोठे शेअर नवे उच्चांक करत असतानाच उतरला. सेबीच्या सांगण्यावरून मार्च २०२४ पासून प्रत्येक मिडकॅप व स्मॉलकॅप योजनेला आपला पाव हिस्सा आणि निम्मा हिस्सा विकायला किती दिवस लागतील, हे दर महिन्याला जाहीर करावे लागते. फंडांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲम्फीच्या, संकेतस्थळावर तो तक्ता असतो. तुमच्या चार योजनांची नावे त्यात शोधा आणि ज्या योजनेला सर्वांत जास्त दिवस लागतात, तिच्यातून आधी काढा. मी हे कोणत्याही मानांकनापेक्षा जास्त मानते.

कराची भीती दाखवून भाचा कदाचित तुम्हाला थांबवेल. एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअर व शेअरविषयक फंडांवरील नफ्यावर, प्रत्येक व्यक्तीला वर्षाला सव्वा लाखाची सूट सोडून, १२.५ टक्के कर लागतो. वर्षाच्या आतील नफ्यावर २० टक्के. तुमच्या ३० लाखांत नफ्याचा भाग साधारण १६ लाखांचा असावा. सगळे याच आर्थिक वर्षात विकले तर दोघांची सूट मिळून अडीच लाख वजा जाऊन उपकरासह सुमारे १ लाख ७५ हजार कर येईल. अर्धे मार्चअखेरपूर्वी आणि अर्धे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकले, आणि विक्री दोघांच्या नावांत विभागली, तर सूट पाच लाखांची होऊन कर सुमारे १ लाख ४३ हजारांवर येईल. विक्रीच लांबवली आणि बाजार पाच टक्के जरी उतरला तरी ३० लाखांवर दीड लाख जातात, म्हणजे या संपूर्ण कराहून जास्त. तेव्हा कर वाचवण्यासाठी एप्रिलपलीकडे काही लांबवू नका. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते आणि विकताना जुने युनिट आधी जातात, म्हणून गेल्या बारा महिन्यांचे हप्ते हलणार नाहीत आणि त्यांवरचा निर्गम आकारही (लवकर पैसे काढल्यास फंड कापून घेतो ती रक्कम) लागणार नाही. थेट शेअरपैकी एखादा तोट्यात असेल तर तोही यातच काढून टाका. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो आणि उरला तर, विवरणपत्र वेळेत भरल्यास, आठ वर्षे पुढे नेता येतो.

निघालेले पैसे कोठे ठेवायचे, हे मला विक्रीइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण बाजाराच्या भीतीने बाहेर पडलेली माणसे पुष्कळदा त्याहून वाईट ठिकाणी जाऊन बसतात. आधी तुमच्या १२ लाखांच्या ठेवींकडे पाहा. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका व्यक्तीला, व्याज धरून, पाच लाखांपर्यंत आहे. शाखा वेगवेगळ्या असल्या तरी रक्कम एकत्र मोजतात. म्हणजे तुमचे सात लाख आज उघड्यावर आहेत. तुमच्या बँकेविषयी मला काहीही वाईट सुचवायचे नाही. पण पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द होईपर्यंत ठेवीदार ताटकळत राहिले, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको. ठेव मुदत संपताच विभागा: काही तुमच्या एकटीच्या नावे, काही यजमानांच्या, काही संयुक्त. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर विम्यासाठी तो हक्क वेगळा धरला जातो, ही सोय फार थोड्यांना माहीत असते. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडे मात्र वळू नका. पतसंस्थेच्या ठेवींना या महामंडळाचे संरक्षण मुळीच नाही.

मुलीच्या पहिल्या वर्षाचे बारा लाख मे महिन्यात मुदत संपेल अशा ठेवींत दोन मोठ्या बँकांत ठेवा. दुसऱ्या वर्षाच्या रकमेसाठी एक वर्षाची ठेव चालेल किंवा रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारचे अल्पमुदतीचे रोखे, घेता येतील. हे खाते विनामूल्य उघडते आणि किमान रक्कम दहा हजार आहे. अर्धा-एक टक्का जास्त परतावा दाखवणाऱ्या कर्जरोखे योजना या पैशासाठी नकोत. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने अशा सहा योजना एकाच दिवशी गुंडाळल्या. गुंतवणूकदारांना पैसे मिळाले, पण हप्त्याहप्त्याने आणि आपल्या गरजेच्या तारखेला नव्हे.

यजमान निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करा. एरवी तिला साठ वर्षांची अट आहे, पण ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्याला निवृत्तीची रक्कम हातात पडल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. कमाल ३० लाख, तेही मिळालेल्या रकमेच्या आतच. व्याज दर तिमाहीला मिळते आणि उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. तीन महिने उलटू देऊ नका, नाहीतर साठीपर्यंत थांबावे लागेल.

आता दीरांचे सोने. ते म्हणतात त्यात तथ्य आहे; शेअर आणि रुपया दोन्ही पडतात तेव्हा सोने हात देते. पण ‘महाग बाजारातून बाहेर पडा आणि महाग सोन्यात शिरा’ यात सुरक्षितता कोठे आली? २०१२ च्या अखेरीस दहा ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास गेलेले सोने २०१५ मध्ये २५-२६ हजारांवर आले होते, आणि ती तीन वर्षे व्याजाचा एक पैसाही न देता गेली. दागिन्यांवर तर घडणावळ जाते आणि मोडीच्या वेळी घट धरतात ती वेगळीच. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी मालिका फेब्रुवारी २०२४ नंतर आलेली नाही. घ्यायचेच असेल तर चार लाखांपर्यंत गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात मिळणारे सोन्याचे फंड, घ्या, आणि तेही निवृत्तीसाठी वेगळ्या काढलेल्या बारा लाखांतून. पाडव्याला एखादे वेढणे घेतलेत तर ती हौस समजा, त्याला गुंतवणूक म्हणू नका.

भाच्याच्या पुटविषयी थोडक्यात सांगते. पुट म्हणजे ठरलेल्या भावात ठरलेल्या तारखेपर्यंत विकण्याचा हक्क. त्यासाठी हप्ता मोजावा लागतो आणि तारीख उलटली की तो बुडतो. घसरण त्या तारखेनंतर आठवड्याने आली तर हातात काही नाही. शिवाय निफ्टीचा पुट तुमच्या स्मॉलकॅप योजनांना पुरते संरक्षण देत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार मागील तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे पुटसारखे पुढच्या तारखेचे, सौदे करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि तो एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ज्यांनी सुरुवात ‘विम्यासाठी’ केली असे यात किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. बाजार नेहमी वर येतो, यालाही पुस्ती जोडायला हवी: जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता आणि तो आकडा त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडला. आपला सेन्सेक्स २०१० च्या दिवाळीत २१ हजारांवर आला तरी तेथे टिकून वर निघायला २०१३ चे अखेरचे महिने उजाडावे लागले.

एसआयपी मात्र बंद करू नका. तुमचा पगार चालू आहे तोवर ती चालू द्या, फक्त स्मॉलकॅपमधले हप्ते निफ्टीच्या इंडेक्स फंडाकडे, म्हणजे निफ्टीतलेच शेअर घेणाऱ्या फंडाकडे, वळवा. यजमान निवृत्त होतील त्या महिन्यात पुन्हा हिशेब करून रक्कम ठरवा. आणि वर्षातून एकदा, आयकर विवरणपत्र भरताना, बाजारातल्या पैशाचे प्रमाण मोजा. निम्म्याच्या वर पाच टक्के गेले तर वरचे काढून ठेवीत टाका, पाच टक्के खाली गेले तर ठेवीतून तेथे घाला. दुसरी गोष्ट करताना हात थरथरतील, तेव्हा यजमानांना शेजारी बसवा.

विक्रीचा अर्ज कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत केला तर त्याच दिवसाचा भाव लागतो आणि पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात. अर्ज करण्यापूर्वी एक दुरुस्ती करा. तुम्ही पाठवलेल्या विवरणात यजमानांच्या नावच्या दोन फोलिओंपुढे, म्हणजे फंडांतील खात्यांपुढे, नॉमिनीचा रकाना रिकामा आहे, आणि एका फोलिओला जोडलेले बँक खाते तुम्ही आधीच बंद केलेले आहे. खाते बदलायला काही दिवस जातात. मार्चचा तिसरा आठवडा उजाडण्यापूर्वी ते काम उरका.